पिसांची माशी, कणकेची गोळी

मंगला गौरी, वाराणसी
८ नोव्हेंबर २०२३

ती. शरूताईस,

श्रीनूचा नमस्कार.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेही ई-मेलवर, म्हणून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. सौ. अन्नपूर्णेचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे गल्लीतला नळ. शेजारच्या ढुंढिराज भटांपासून दूधवाल्यापर्यंत कुणीही येऊन कान लावतं. आणि काम जरा नाजूक आहे.

नाजूक, पण माझं नव्हे. आमच्या कॉलेजातले एक निवृत्त सहकारी आहेत. त्यांना तुमच्या न्यूझीलंडला येऊन आठवडाभर फ्लाय फिशिंग करायचं आहे. बनारसच्या माणसाला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हटलं. पण ते हटूनच बसलेत. दत्ताभावजी असताना तुम्ही दोघं नदी नदी हिंडायचात, म्हणून तुलाच विचारावं असं ठरलं.

तर लायसन कुठं मिळतं, काठी इथून न्यायची की तिथं घ्यायची, कपडे कसे हवेत, साठी उलटलेल्याला झेपतं का, हे सगळं सविस्तर कळव. आणि मुख्य म्हणजे, ज्याने जन्मात गळ हातात धरला नाही, त्याला दोन-तीन महिन्यांत इतपत जमेल का, की बघणाऱ्याला तो मुरलेला वाटावा?

व्हॉट्सॲपवर उत्तर नको.

तुझा
श्रीनिवास

*

नेल्सन
१२ नोव्हेंबर २०२३

चि. श्रीनू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या त्या निवृत्त सहकाऱ्याला सांग, की त्याची लेक मालविका गेल्याच आठवड्यात मला फोनवर म्हणाली, माझ्या सासऱ्यांनी बाबांना फेब्रुवारीत नदीवर बोलावलंय. चोराच्या मनात चांदणं! आजोबा व्हायच्या वयाला आलास, पण खोटं बोलायला काही शिकला नाहीस.

बरं, ऐक. आधी व्हिसा. त्याला वेळ लागतो, आज अर्ज कर. प्रवासाचा विमा काढ, आणि नदीत उतरणार आहेस हे त्यात चालतं का ते वाचून घे. मासेमारीचं लायसन इंटरनेटवर मिळतं; परदेशी माणसाचं वेगळं असतं आणि महागही. काठी, चरखी, दोर काही विकत घेऊ नकोस, व्याह्यांकडे ढीग असेल. स्वतःचे आणायचे ते एवढेच : टोपी, पाण्यावरची चमक मारणारा काळा चष्मा, लोकरीचे मोजे, हलका रेनकोट. चष्मा चांगलाच घे, त्याच्याशिवाय पाण्यातला मासा दिसत नाही. कपडे मातकट, हिरवे. तुझा पांढराशुभ्र कुर्ता बघून मासे पुढच्या जिल्ह्यात जातील.

विमानतळावर खायचं काही दडवू नकोस. वापरलेले बूट असतील तर घासून, वाळवून आण आणि फॉर्मवर लिही. इथले लोक एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत जाऊ देत नाहीत. आपण गंगेकाठची माणसं, आपल्याला हे कळायला वेळ लागतो.

आता विद्या. या खेळात गळाला खाणं लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, ती पाण्यावर अशी टेकवायची की माशाला खरी वाटावी. सगळं कसब त्या फेकण्यात. रोज थोडा वेळ गच्चीवर सराव कर. गळ लावू नकोस, दोराच्या टोकाला लोकरीचा झुपका बांध. काखेत पुस्तक धर; पुस्तक पडलं म्हणजे हात चुकला.

आणि हे पक्कं ध्यानात ठेव. व्याही तुला नेणार ती नदी फक्त पिसांच्या माशीची आहे. तिथे पीठ, गांडूळ, कसलंही आमिष चालत नाही. कायद्याने नाहीच, आणि त्या लोकांच्या मनातून तर मुळीच नाही. आमिष घेऊन जाणारा म्हणजे सोवळ्याच्या पंगतीत चपला घालून बसणारा.

पण मला हे सांग, तुला मुरलेलं का दिसायचं आहे? नवशिका म्हणून जा की. लोक नवशिक्याला प्रेमानं शिकवतात.

शरूताई

*

वाराणसी
३ डिसेंबर २०२३

ती. शरूताई,

पकडलंस. आता सांगूनच टाकतो.

तुला माहीतच आहे, मालविकेच्या लग्नाला आम्हाला येता आलं नाही. व्हिसा वेळेवर मिळाला नाही, त्यांनी कोर्टात सही केली, आम्ही इथे फोनवर अक्षता टाकल्या. व्याह्यांची भेट ती पडद्यावरच. ग्रॅहॅम मोठा सज्जन माणूस, जनावरांचा डॉक्टर होता, आता निवृत्त आहे. दसऱ्याच्या सुमाराला त्याचा फोन आला. मालविका आणि जावई टॉम तेव्हा नव्हते. त्याने नदीतला आपला फोटो दाखवला, हातात हातभर लांबीचा ट्राउट मासा. म्हणाला, तुम्ही तर गंगेकाठी राहता, तुमचं माशांशी काय नातं?

आता माझं नातं तू जाणतेस. अण्णा रोज सकाळी पंचगंगा घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायचे. ते गेल्यावर मी घालतो. अन्नपूर्णा दुपारी पातळ कागदावर लाल शाईनं रामनाम लिहून चिठ्ठ्या कापते, एकेका गोळीत एकेक चिठ्ठी. लहानपणी संकठा घाटावरून तू मुद्दाम गोळ्या वळायला आमच्याकडे यायचीस.

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता! पण त्याच्या मागे ते टापटीप घर, पुस्तकं, बर्फाचे डोंगर. आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मी. मला माझाच चेहरा दिसला. आयुष्यभर भूगोल शिकवलेला मास्तर, आणि सांगणार काय, तर मी ओल्या धोतरात उभा राहून कागद घातलेली कणीक पाण्यात टाकतो. लाज वाटली गं. तोंडातून निघून गेलं, “हो तर, लहानपणापासून मासे धरतोय.” तो इतका खूश झाला! तिथल्या तिथं आमंत्रण दिलं.

आता अन्नपूर्णेला सांगितलंय की नदीकाठी मुक्काम आहे, डोंगर बघायचे आहेत. मासे धरायचे आहेत हे तिला नाही सांगितलं. तिच्यापाशी मासे धरण्याची लाज, ग्रॅहॅमपाशी गोळ्यांची.

सराव चालू आहे. दिल्लीहून जुनी काठी मागवली, काखेत ॲटलस धरतो. पहिल्याच दिवशी लोकरीच्या झुपक्यावर माकडांनी झडप घातली, तेव्हा मी दोर जोरात फिरवला आणि ती पळाली. गल्लीत बातमी झाली, की मास्तरांनी माकडं हाकायचा विलायती चाबूक आणलाय. काल पलीकडच्या गच्चीवरून एक बाई ओरडल्या, “मास्टर साहब, तनी हमरो छत पर आ जाइए, बंदरवा सब पापड़ ले गया!” अन्नपूर्णा खाली पोट धरून हसत होती. मीही हसलो. दुसरं काय करणार?

श्रीनू

*

नेल्सन
१० डिसेंबर २०२३

चि. श्रीनू,

माकडांचं वाचून खूप हसले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

अरे, त्या माणसाला दोन ओळी लिही, “मी थाप मारली, मला मासे धरता येत नाहीत, पण यायला आवडेल.” आज ही गोष्ट दोन ओळींची आहे. फेब्रुवारीत ती तेवढी राहणार नाही. तुझ्या व्याह्याच्या घरात तुझी मुलगी राहते, हे विसरू नकोस. तू जे सोंग घेशील ते तिला रोज सांभाळावं लागेल.

आणि गोळ्यांची लाज? मी या देशात आले तेव्हा पहिलं वर्षभर दत्ता मासे धरायचा आणि मी नदीकडे पाठ करून थर्मास घेऊन बसायचे. त्याच्या मित्रांनी विचारलं तेव्हा सांगितलं, आमच्या घरी माशांना जेवू घालतात, मला बघवत नाही. कुणी हसलं नाही. उलट त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या शेजारी पाठ करून बसायला लागली. पुढे मीच काठी धरली ती गोष्ट वेगळी.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून उरलेलं सांगते. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा मागून, खालच्या अंगानं जा. पाय आपटू नकोस. पाण्यात उतरताना काठी टेकत आडवं चाल, आणि पडलास तर पाय प्रवाहाच्या दिशेला ठेव, उठायची घाई करू नकोस. कुणी आधी नदीत उभं असेल तर विचारल्याशिवाय त्याच्या वरच्या पाण्यात शिरायचं नाही. मासा मिळाला तर आधी हात ओले कर, कोरड्या हातानं त्याची कातडी दुखावते. आकडा काढ, तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धर, आणि तो आपणहून निघाला की सोड. ढकलायचं नाही.

पण त्या दोन ओळी आधी लिही.

शरूताई

*

वाराणसी
२८ जानेवारी २०२४

ती. शरूताई,

व्हिसा आला. परवा निघतोय. दोन ओळी लिहायला रोज बसलो आणि रोज उठलो. आता तिथं गेल्यावर समोरासमोरच सांगेन म्हणतो.

अन्नपूर्णा गुडघ्यामुळे येत नाही. म्हणाली, “घरचा नेम मी शेजारच्या पोराकडून करवून घेईन, पण तुमचा नेम तुमच्यापाशी. नदीवरच जाताय ना? मग खाडा कशाला?” आणि एका स्टीलच्या डबीत चिठ्ठ्या भरून दिल्या. किती दिवस लिहीत होती कोण जाणे, बोटं लाल झाली होती. म्हणाली, “आटा तिकडे मिळेलच. मालूला सांगा, ती वळून देईल. बचपन में तो बहुत शौक था.”

मी डबी घेतली. तेव्हा तरी तिला सांगायचं होतं. नाही सांगितलं.

श्रीनू

*

वाराणसी
२ मार्च २०२४

ती. शरूताई,

सुखरूप परत आलो. प्रवास चांगला झाला. नदी फार सुंदर, तळाचा दगड न् दगड दिसतो. हवा उत्तम. एक मासा मिळाला, सोडून दिला. तुझ्या सूचनांचा उपयोग झाला. वेळ कमी असल्यामुळे नेल्सनला येणं जमलं नाही, क्षमस्व.

इकडे ऊन वाढायला लागलंय.

श्रीनिवास

*

नेल्सन
९ मार्च २०२४

चि. श्रीनू,

हे कसलं पत्र? शाळेच्या सहलीचा निबंध?

मालविका शनिवारी-रविवारी इथे येऊन राहिली. मी विचारलं, बाबांची ट्रिप कशी झाली? म्हणाली, “चांगली झाली, आत्या.” नंतर मी रात्रीच्या पोळ्यांची कणीक भिजवत होते, तर ही एकदम उठून बाहेर गेली. व्हरांड्यात उभी राहून रडली. काय झालं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “बाबांनाच विचारा.”

म्हणून तुला विचारते आहे. काय केलंस तू?

शरूताई

*

वाराणसी
२० मार्च २०२४

ती. शरूताई,

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले. आता सगळं लिहितो. वाचून झाल्यावर काय म्हणायचं ते म्हण.

पहिल्या दिवशी ग्रॅहॅमने मला काठच्या गवतावर काठी दिली. चार-पाच फेकी झाल्या आणि त्याला कळलं. मुकी जनावरं कुठं दुखतं ते सांगत नाहीत, तरी त्याला आयुष्यभर कळत आलंय, माझं कळायला काय उशीर? पण तो म्हणाला, “भारतात काठी वेगळी धरत असतील.” मला वाट काढून दिली त्याने. तिथेच सांगायचं होतं. मी म्हटलं, “हो, आमच्याकडे पद्धत वेगळी आहे.”

पुढचे दोन दिवस तो काहीच शिकवत नसल्यासारखं करून मला शिकवत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी माशी पाण्यावर टेकली आणि दोर ताठ झाला. शरूताई, काय सांगू! मला आनंद झाला. लहान पोरासारखा ओरडलो मी. तो मासा जवळ आला, हात ओले करून धरला, ओठात आकडा रुतलेला, कल्ले उघडमीट करत होता. ग्रॅहॅमने आकडा काढला, मी सोडला. मालविका काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि मी अजून हसत होतो. ज्यांना इतकी वर्षं रामाचं नाव घालून खाऊ घातलं, त्यांच्यातल्या एकाच्या तोंडात आकडा घालून मला हसू आवरत नव्हतं.

त्या नदीवर आल्यापासून मी एकही गोळी टाकली नव्हती. डबी बॅगेच्या तळाशीच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उठलो. आमच्या मुक्कामाच्या लाकडी बंगलीतल्या स्वयंपाकघरात त्यांचंच पीठ घेतलं, कणीक भिजवली, गोळ्या वळायला लागलो. नदीत टाकणार नव्हतो, तेवढं भान होतं. पण वळल्याशिवाय बरं वाटेना. वळेन, डबीत भरून घरी नेईन आणि गंगेत घालीन, असं ठरवलं होतं. एवढ्यात ग्रॅहॅम चहा करायला आला. त्याच्या मागे मालविका.

त्याने विचारलं, “हे काय आहे?”

माझ्यासमोर गोळ्यांची रांग होती. एक चिठ्ठी अर्धी बाहेर आलेली, अन्नपूर्णेचं लाल अक्षर दिसत होतं. मालविकेने ते बघितलं, तिचा चेहरा उजळला. ती पुढे येत होती, बाही वर सारत होती, वळायला.

आणि मी म्हटलं, “आमिष.”

का म्हटलं? अजून स्वतःला विचारतोय. लहानपणापासून मासे धरतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कणीक दिसली, तर आमिष म्हणणं सोपं गेलं, एवढंच. रामाच्या नावाच्या चिठ्ठीपेक्षा आमिषाची मला कमी लाज वाटली.

ग्रॅहॅमने किटली खाली ठेवली. त्याने मालविकेकडे बघितलं. तिचा हात तसाच बाहीवर. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, “हो. आमच्याकडे असंच धरतात. माझे आजोबाही असेच धरायचे.”

अण्णा! ज्यांनी जन्मात मासा पकडायला हात लावला नाही, ते अण्णा. माझी लाज राखायला तिने आपल्या आजोबाच्या हातात गळ दिला.

ग्रॅहॅम मला म्हणाला, “श्रीनिवास, या नदीवर हे चालत नाही. चूक माझीच, मी आधी सांगायला हवं होतं.” त्याने गोळ्या एकेक करून डबीत भरल्या, फेकल्या नाहीत. झाकण लावलं आणि डबी चुलीवरच्या फळीवर ठेवली. माफी त्याने मागितली, शरूताई.

मालविका बाहेर निघून गेली. विमानतळावर पाया पडली तेव्हा एवढंच म्हणाली, “बाबा, आईला काय सांगणार?” मी बॅग उचलली आणि आत निघालो. नेल्सनला आलो नाही तो वेळ नव्हता म्हणून नव्हे. तुझ्यासमोर उभं राहवलं नसतं.

डबी तिथेच राहिली. अन्नपूर्णेनं विचारलं, चिठ्ठ्या पुरल्या का? मी म्हटलं, पुरल्या.

श्रीनू

*

नेल्सन
२५ मार्च २०२४

श्रीनू,

तुला चार शब्द सुनावावेत म्हणून बसले होते, पण तू स्वतःला सुनावून घेतलंस त्यात माझी भर कशाला?

एक सांगते. तू ग्रॅहॅमपाशी खोटं बोललास, ते वेळेला खपलं असतं. त्याने तुला किती वाटा करून दिल्या! पण ती पोर बाही वर सारत होती रे. ती आपल्या घरातल्या गोष्टीत सामील व्हायला आली होती, तू तिला खोट्यात सामील करून घेतलंस.

आधी अन्नपूर्णेला सांग. मग ग्रॅहॅमला लिही. मालविकेला समजूतदार पत्र-बित्र लिहू नकोस, तिला त्याची गरज नाही. ती बघते आहे की तू काय करतोस.

शरूताई

*

वाराणसी
१४ एप्रिल २०२४

ती. शरूताई,

अन्नपूर्णेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत हात थांबला नाही. सूप बाजूला ठेवून उठली, आणि लाल शाईची बाटली, टाक आणि पातळ कागद आणून माझ्यापुढे ठेवला.

म्हणाली, “आता तुमचं तुम्ही लिहा.”

मी म्हटलं, “माझं अक्षर तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. पण चिठ्ठी माझ्या हातची आणि कुणी विचारलं की आमिष म्हणायचं, हे मला नाही जमायचं. मासे धरलेत ते मला सांगितलं नाहीत, त्याचा राग आला. पण राग जाईल. अण्णांचं नाव पोरीला घ्यायला लावलंत, ते कसं जाईल ते तुम्ही बघा.”

तेव्हापासून रोज दुपारी मी लिहितो. अक्षर कोंबडीचे पाय. ती येता-जाता बघते, बोलत नाही. काल मात्र म्हणाली, “‘म’ जरा नीट काढा, त्या माशांनी काय पाप केलंय?”

ग्रॅहॅमला पत्र पाठवलं. इंग्रजीत लिहिलं, तुला मराठीत सांगतो. सुरुवातच केली की मला मासे धरता येत नाहीत, कधी येत नव्हते. मी त्यांना खाऊ घालतो. माझे वडीलही खाऊ घालायचे. तुम्ही डबीत भरलंत ते आमिष नव्हतं, त्यात देवाचं नाव आहे, माझ्या बायकोने लिहिलेलं. ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी तुमच्या घरात, तुमच्या नदीवर, तुम्हाला खोटं सांगितलं. माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली. तो दोष तिचा धरू नका.

मग वाटलं, नुसती क्षमा मागून थांबलो तर त्यालाच पुन्हा काहीतरी गोड बोलावं लागेल. म्हणून त्यांना बनारसला बोलावलं, आणि तू मला लिहिलंस तसं मीही लिहिलं. व्हिसाला वेळ लागतो, आजच अर्ज करा. हिवाळ्यात या, पाणी उतरलेलं असतं आणि घाटाच्या पायऱ्या मोकळ्या असतात. काठी आणू नका. चप्पल अशी आणा की पटकन काढता येईल, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, अनवाणीच उतरावं. माकडांसमोर चष्मा सांभाळा. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, सैल झाली तर पाण्यात विरते. गोळी हरभऱ्याएवढी. आधी कुणी टाकत असेल तर त्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं. फेकायची नाही, हात पाण्याजवळ नेऊन सोडायची. आणि मासा आला नाही तरी थांबायचं, तो येतो.

हे लिहिताना लक्षात आलं की मी हे सगळं किती बारकाईनं जाणतो. त्या दिवशी पडद्यावर एवढंच सांगितलं असतं तर!

उत्तर आलेलं नाही. मालविकेचंही नाही.

श्रीनू

*

क्राइस्टचर्च
१२ मे २०२४

बाबा,

शरूआत्यांनी सांगितलं की मी लिहावं, म्हणून नाही लिहीत. ग्रॅहॅमनी तुमचं पत्र वाचलं, म्हणून लिहिते आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, तुला हे माहीत होतं? मी म्हटलं, हो, सगळं. तुम्ही मासे धरता असं त्यांनी मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं, मला वाटलं तुम्ही गंमत केली असेल, इथे आल्यावर हसत हसत सांगाल. मी वाट बघत होते, बाबा. आणि तुम्ही लिहिलंय ना, की दोष मुलीचा धरू नका? तसं नाही. मी बोलले ते माझं होतं. मी त्यांची माफी मागितली. आजोबांबद्दल बोलले त्याची मागायला मला बनारसला यावं लागेल.

ते गाडी काढून त्या बंगलीवर गेले आणि डबी घेऊन आले. गोळ्या दगडासारख्या झाल्यात. एक फुटली होती, त्यातली चिठ्ठी त्यांनी हातावर घेतली आणि मला वाचून दाखवायला सांगितली. आईचं अक्षर मी लगेच ओळखलं. मग मला म्हणाले, “या गोळ्या आपल्या नदीत घालता येतील का?” मी म्हटलं, नाही, इथे चालत नाही. तेव्हा म्हणाले, “मग ज्या नदीसाठी होत्या तिथेच नेऊ या.”

तर जानेवारीत आम्ही तिघं येतोय. डबी ग्रॅहॅम स्वतः आणणार आहेत. त्यांनी रोज कणीक भिजवायला घेतली आहे आणि दर वेळी मला कानाची पाळी धरायला लावतात. टॉम हसून हसून बेजार आहे. आईला सांगा, चिठ्ठ्या मला तिच्या हातच्या हव्यात. ती म्हणेल तर मी तिच्यासमोर बसून लिहीन, पण तुमच्या अक्षरातल्या नकोत, आत्ता तरी.

बाबा, सच बोलूँ तो, मी अजून रागावलेली आहे. तुम्ही मासा धरलात, थाप मारलीत, त्याचा राग नाही. मासा मिळाला तेव्हा तुम्ही इतके छान ओरडलात, मला फार आवडलं होतं. राग त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आहे. त्या खोलीत मी ‘आमिष’ला हो म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला, आणि तो तुमच्यासारखा होता. अगदी तुम्ही अनोळखी माणसांशी बोलताना काढता तसा.

मला परत तसं बोलायला लावू नका.

मालविका